त्वचेखालचं इम्युनोग्लोब्युलिन: लाली, गाठ, सुईची लांबी... बारकावे इथे लिहूया

रानजाई
प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सीसाठी (जन्मजात कमी प्रतिकारशक्ती) घरी त्वचेखाली इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं, देणाऱ्यांसाठी हा धागा. इंग्रजीत माहिती भरपूर आहे, पण भारतातून सहा महिने राहायला आलेल्या आजीच्या हातात ठेवावं असं मराठीत काही सापडत नाही.

प्रश्न भाच्याचा आहे. वय ६, वजन २० किलो, एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया (एक्सएलए, यात शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवत नाही), मुक्काम न्यू जर्सी. आतापर्यंत दर ४ आठवड्यांनी शिरेतून ८ ग्रॅम घेत होता. आता त्वचेखाली, २० टक्क्यांचं, आठवड्याला ३ ग्रॅम म्हणजे १५ मिली. मांडीत एकच सुई, ६ मिमी लांब, २६ गेज. पंप स्प्रिंगचा. सगळं २० मिनिटांत आत जातं.

शंका तीन. सुरू केल्यावर दहाएक मिनिटांत सुईभोवती रुपयाएवढी लाल चकती उठते आणि भयंकर खाज सुटते. खाली गाठ येते ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत राहते. दुसरं, महिन्याला ८ ग्रॅम होतं त्याचं १२ कसं झालं? तिसरं, मे महिन्यात पाच आठवडे नागपूरला जायचंय, औषध कसं न्यायचं?

घरात 'हे त्याला सोसत नाही, परत शिरेतून सुरू करा' असा सूर लागलाय. माझं मत वेगळं आहे. औषधाला नावं ठेवण्याआधी पद्धत तपासावी. जाणकारांनी लिहावं.

सुईदोरा
मत बरोबर आहे. आधी लालीचा आकार बघा, अर्धं निदान तिथेच होतं.

लाली चौकोनी असेल, कडा सरळ असतील, तर ती चिकटपट्टीची. पट्टी बदला, औषधाचा काही संबंध नाही. सुईच्या टोकाभोवती छोटी गोल चकती आणि खाज असेल, तर औषध त्वचेच्या थरात सांडलंय. त्वचेखालच्या चरबीत जायला हवं होतं. मोठा, मऊ, फिकट गुलाबी फुगवटा असेल तर ते नुसतं आत गेलेलं पाणी आहे, एकदोन दिवसांत जिरतं. आणि लाली नाही पण खोलवर ठणका, पाय हलवला की जास्त, तर सुई स्नायूपर्यंत पोचली.

तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारात बसतंय. दोन गोष्टी सांगा: नळी भरताना सुईच्या टोकाला थेंब दिसेपर्यंत भरता का? आणि टोचण्याआधी स्पिरिट पूर्ण वाळू देता का?

रानजाई
हो, थेंब दिसेपर्यंत. हवा राहू नये म्हणून. स्पिरिट लावून लगेच टोचतात.

सुईदोरा
मग दोन्ही बदला.

सलाइन लावताना हवा काढायची सवय असते, कारण तिथे शिरेत जायचं असतं. इथे त्वचेखाली नळीतली बोटभर हवा गेली तर काही बिघडत नाही, शरीर ती शोषून घेतं. उलट सुईवर औषधाचा थेंब असला की सुई आत शिरताना तो थेंब त्वचेच्या वरच्या थरांत पुसला जातो. २० टक्क्यांचं प्रथिन आहे ते, तिथे चुरचुरतं, खाजतं, लाल होतं.

करायचं असं: सिरिंजला नळी जोडा, दट्ट्या अगदी हळू दाबा आणि नळीत पुढे सरकणाऱ्या द्रवाच्या कडेवर डोळा ठेवा. सुईच्या अलीकडे दोन बोटं अंतर राहिलं की थांबा. तिथे चिमटा लावा. सुई आणि शेवटचा तुकडा कोरडा राहिला पाहिजे. चुकून थेंब आलाच तर गॉजने पुसत बसू नका, टोक बोथट होतं; दुसरी सुई घ्या.

स्पिरिट लावल्यावर अर्धा मिनिट थांबा. फुंकर मारू नका, हाताने वारा घालू नका. त्वचेवरची ओली चकाकी गेली की टोचा. ओलं स्पिरिट सुईबरोबर आत गेलं की तेही झोंबतं.

मग मांडीची कातडी चिमटीत उचला, सुई काटकोनात सरळ आत, पट्टी लावा, आणि दट्ट्या किंचित मागे ओढा. पाच सेकंद नळीकडे बघा. रक्ताची रेघ दिसली तर सुई काढा, नवी सुई, नवी जागा. कोरड्या नळीत रक्त लगेच दिसतं हा वरचा फायदा.

त्रैराशिक
८ चे १२ कसे झाले, ते हिशेबानेच सांगतो.

शिरेतून दिलेलं सगळं औषध पहिल्याच मिनिटापासून रक्तात असतं. त्वचेखालून ते लसिकावाहिन्यांतून हळूहळू येतं आणि वाटेत थोडं खर्ची पडतं. रक्तातलं एकूण प्रमाण, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ, शिरेतल्याइतकं यायला डोस वाढवावा लागतो. अमेरिकेत प्रोलीन घातलेल्या २० टक्क्यांच्या औषधाच्या, म्हणजे हायझेंट्राच्या, माहितीपत्रकात त्यासाठी १.३७ हा गुणक आहे. क्युव्हिट्रू या २० टक्क्यांच्या दुसऱ्या औषधाला १.३०. तर ८ ग्रॅम भागिले ४ आठवडे = २. गुणिले १.३७ = २.७४ ग्रॅम आठवड्याला. १ ग्रॅमची व्हायल ५ मिलीची, २ ग्रॅमची १० मिलीची, २.७४ मापून उरलेलं फेकण्यापेक्षा ३ केलं असणार. उरलेलं ठेवून पुढच्या वेळी वापरता येत नाही, त्यात जंतुरोधक नसतं.

बारीक हिशेब करायचा असेल तर ३, ३, ३, २ असं चार आठवड्यांचं चक्र लावता येतं. बेरीज ११, आणि ८ × १.३७ = १०.९६. डॉक्टरांना विचारून बघा. वाढतं वय असल्यामुळे ३ वरच ठेवतील असं वाटतं.

टेम्सकाठ
त्रैराशिक, गणित बरोबर, पण हा गुणक म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. इकडे युरोपात बदल करताना १ ला १ देतात. म्हणजे याच मुलाला इथे आठवड्याला २ ग्रॅम, १० मिली दिलं असतं. मग संसर्ग किती होतात आणि आयजीजीची, म्हणजे रक्तातल्या मुख्य प्रतिपिंडाची, पातळी काय येते ते बघून वरखाली करायचं.

क्षेत्रफळ सारखं ठेवण्याचा आग्रह कागदावर छान दिसतो. पण शिरेतून दिल्यावर पहिल्या दिवसाचा जो उंच सुळका येतो, त्याने संरक्षण वाढत नाही, डोकं मात्र दुखतं. संरक्षण ठरतं ते चौथ्या आठवड्यातल्या तळावर, म्हणजे पुढच्या डोसआधीच्या सगळ्यात खालच्या पातळीवर. आठवड्याला देणाऱ्याचा तळच वर असतो.

त्रैराशिक
तळ महत्त्वाचा, मान्य. म्हणूनच वरचा डोस मला आवडतो. २०१० साली शिरेतल्या उपचारांच्या अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं, त्यात तळाची पातळी दर १०० मिग्रॅ/डेसिलीटरने वाढली की न्यूमोनियाचं प्रमाण २७ टक्क्यांनी घटलं होतं. एक्सएलएच्या मुलात स्वतःचं आयजीजी जवळजवळ शून्य. फुफ्फुसाची एक नळी एकदा रुंदावली की ती पूर्ववत होत नाही. १ ग्रॅम वाचवायची ही जागा नाही.

टेम्सकाठ
वाचवायचं नाहीच. पण प्रत्येकाचा पुरेसा आकडा वेगळा असतो. कुणी ७०० वर वर्षभर ठणठणीत, कुणाला ९०० वरही सायनस भरलेलं. आकड्यावर उपचार करू नये, माणसावर करावा, इतकंच. आणि सायनस सुटत नाही म्हणून डोस चढवत नेण्याआधी हेही लक्षात घ्या की बाटलीत जवळजवळ सगळं आयजीजीच असतं. नाकातल्या आणि आतड्यातल्या अस्तराचं राखण करणारं आयजीए त्यातून मिळत नाही. नाक धुणं, छातीचा व्यायाम, वेळेवर अँटिबायोटिक, हे वेगळं करावंच लागतं.

रानजाई, बदल केल्यावर लगेच पातळी तपासू नका. आयजीजीचं अर्धायुष्य साधारण ३ आठवडे. नवी पातळी स्थिर व्हायला तीन-चार महिने लागतात. त्यानंतर आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी रक्त दिलं तरी फारसा फरक पडत नाही.

स्प्रिंगवाला
सगळे सुईत अडकलेत, वेगाचं कुणी बोलत नाही! १५ मिली २० मिनिटांत म्हणजे तासाला ४५ मिली, तेही एका जागी, २० किलोच्या मुलात. हायझेंट्राच्या पत्रकात पंपाने पहिल्या वेळी एका जागी तासाला १५ मिली आणि नंतर सोसेल तसं २५ पर्यंत, असं आहे. म्हणजे सुरुवातीला एक तास लागायला हवा होता.

असं का झालं तेही सांगतो. स्प्रिंगच्या पंपाला वेग कळत नाही, तो फक्त एकसारखा दाब देतो. फ्रीडम-६० या स्प्रिंगच्या पंपात तो साडेतेरा पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास असतो. वेग ठरवते ती मधली बारीक नळी. तिच्यावर आकडा असतो: जितका मोठा आकडा तितका जास्त प्रवाह. ती नळी दोन किंवा चार सुयांसाठी निवडलेली असेल आणि तुम्ही एकच सुई लावली, तर सगळा लोंढा एकाच जागी. नळाला दोन पाइप होते, एक बंद केला. तुमच्या नळीवरचा आकडा बघा आणि ज्या फार्मसीतून सामान येतं तिथे विचारा की ही एका सुईसाठी आहे का.

उलट त्रासही याच नियमाने होतो. औषध फ्रिजमधून काढून लगेच लावलं तर ते दाट असतं, २० मिनिटांचं काम दीड तास चालतं, आणि लोक म्हणतात पंप बिघडला.

आणखी एक: या पंपाला अलार्म नाही. अर्ध्या तासाने सिरिंजवरचा आकडा बघायचाच. सरकला नसेल तर क्रमाने बघा: चिमटा उघडा आहे का, नळी पायाखाली किंवा उशीखाली मुडपली आहे का, सिरिंजच्या तोंडाशी असलेली चकती पंपाच्या खाचेत नीट बसली आहे का. शंभरातल्या नव्वद वेळा चिमटा असतो.

उत्तररात्र
तासाला ४५ फार, हे पटलं नाही. हाताने दट्ट्या दाबून देणारे मिनिटाला १-२ मिली देतात, म्हणजे तासाला ६० ते १२०. पंप नाही, बारीक नळी नाही, फुलपाखरू सुई आणि २० मिलीची सिरिंज. आठवड्यातून तीनचार दिवस थोडं थोडं. अमेरिकेत ही रीत चांगली रुळली आहे. त्यांना कुठे लाल चकत्या येतात?

स्प्रिंगवाला
येतात, पण कमी, कारण तिथे एका वेळी घेतलेलं औषध कमी असतं. शिवाय मोठ्या माणसाच्या पोटावरची चरबी आणि सहा वर्षांच्या मुलाची मांडी यात फरक आहे. हाताने देण्यातही पहिल्या वेळी मिनिटाला अर्धा मिलीच सांगितलं जातं. आणि हाताला कळतं. अडलं की बोट आपोआप थांबतं. स्प्रिंग थांबत नाही.

सुईदोरा
दोघंही बरोबर आहात, प्रश्न कितव्या वेळेचा आहे. पहिल्या सहा-आठ वेळा जागा कुरकुरते, मग ऊतक सरावतं. त्याच वेगाने, त्याच प्रमाणात, तिसऱ्या महिन्यात लाली निम्मीही राहत नाही. म्हणून सुरुवात हळू करायची आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. एकदा वेग, पुढच्या वेळी प्रमाण. दोन्ही एकदम वाढवलं तर कशाने त्रास झाला ते कळत नाही.

ताकभात
सगळीकडे 'लिंबाएवढी गाठ चालते' असं वाचलंय. कागदी लिंबू की इडलिंबू, तेवढं स्पष्ट करा :)

सुईदोरा
चांगला प्रश्न आहे, खरंच! १५ मिली म्हणजे तीन चहाचे चमचे द्रव, एका जागी. कागदी लिंबाएवढा मऊ फुगवटा येणारच, न आला तर नवल. ४८ ते ७२ तासांत जिरला पाहिजे. शेवटी सुई काढल्यावर तळहाताने हलकं चोळा, त्यानंतर कोमट शेक दिला तर लवकर जिरतो. खाज असेल तर शेक नको, थंड ओला रुमाल.

तीन दिवसांनंतरही कडक राहिली, वाढत गेली, हाताला गरम लागली, पू आला किंवा ताप आला तर इंग्लिश-मराठी कुठलाही धागा न वाचता डॉक्टरांना फोन.

औषधांची_वही
व्हायलचं लिहिते, तिथे निम्म्या घरांचा वेळ जातो.

हे औषध हलवायचं नाही. साबणाच्या पाण्यासारखा फेस होतो, आणि फेस सिरिंजमध्ये ओढला की मापच चुकतं. फेस झालाच तर बाटली उभी ठेवून द्या, बसायला बराच वेळ लागतो. फ्रिजमधली असेल तर तास-दीड तास टेबलावर. गरम पाण्यात, मायक्रोवेव्हमध्ये, चहाच्या भांड्याजवळ, काही नाही.

ओढताना हवेची वाट असलेला स्पाइक (बाटलीच्या बुचात खुपसायची प्लास्टिकची टोकदार नळी) वापरला तर काम सोपं. साध्या सुईने काढत असाल तर जितकं औषध काढायचं तितकी हवा आधी बाटलीत सोडावी लागते. बाटली टेबलावर उभी ठेवून, सुईचं टोक द्रवाच्या वर, रिकाम्या जागेत. मग उलटी करून टोक द्रवात आणि दट्ट्या हळू ओढायचा. हवा द्रवात सोडली की बुडबुडे, बुडबुड्यांचा फेस, आणि शेवटचे २ मिली बाटलीतच राहतात.

रंग पारदर्शक, बिनरंगी ते फिकट पिवळा. गढूळ, किंवा आत कण तरंगत असले तर वापरायचं नाही. आणि बाटलीवरचा सोलून निघणारा बॅच क्रमांक वहीत चिकटवा, शेजारी तारीख, जागा, किती मिली, किती वेळ, लाली किती. हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून एक बॅच बनते. कधी एखादी परत मागवली तर फोनवर दोन मिनिटांत उत्तर देता यायला हवं. याच वहीतून पुढे कळतं की डाव्या मांडीलाच लाली येते आणि पोटाला येत नाही.

जुनी_पोथी
विषयांतर करतो, पण संबंध आहे. घरच्यांना 'त्वचेखालचं' म्हणजे काहीतरी नवीन प्रयोग वाटतो. हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ साली. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातले कर्नल ऑग्डेन ब्रुटन, आणि आठ वर्षांचा मुलगा ज्याला न्यूमोकोकसचा सेप्सिस पुन्हापुन्हा होत होता. रक्तातली प्रथिनं विजेच्या प्रवाहाने वेगळी केली तर गॅमा ग्लोब्युलिनचा पट्टाच गायब. ब्रुटन यांनी त्याला महिन्यातून एकदा गॅमा ग्लोब्युलिन दिलं, आणि ते दिलं त्वचेखाली.

मग कित्येक वर्षं स्नायूत देत, ते फार दुखायचं आणि जास्त देताही येत नसे. शिरेतून देण्यासारखं औषध १९८० च्या दशकात रुळलं. त्याच सुमारास पंपाने हळू त्वचेखाली द्यायला सुरुवात झाली, आणि १९९१ मध्ये स्वीडनमधल्या लोकांनी वेगाने, घरी, त्वचेखाली देता येतं हे दाखवलं. जनुक सापडलं १९९३ ला, त्यालाही ब्रुटन यांचंच नाव आहे, बीटीके, म्हणजे ब्रुटन टायरोसिन कायनेज. म्हणजे आजीला सांगा, पहिली रीत हीच.

वऱ्हाडी_ऊन
नागपूर आणि मे महिना म्हटल्यावर राहवलं नाही. हायझेंट्रा २५ अंशांपर्यंत बाहेर ठेवता येतं, आणि अमेरिकेतल्या घरात ते कपाटात राहतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कूलरच्या खोलीतही २५ होत नाही. त्यामुळे उतरल्यापासून फ्रिज. मधला कप्पा, बर्फाच्या कप्प्यापासून आणि मागच्या भिंतीपासून लांब. मागच्या भिंतीला टेकलेली बाटली गोठते, आणि गोठलेलं औषध वितळलं तरी फेकायचंच. दारात ठेवू नका, आंब्यासाठी दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. वीज गेली की फ्रिज उघडायचाच नाही. दोनचार तास आत गारवा टिकतो.

प्रवासात सगळं हातातल्या बॅगेत. विमानाच्या पोटातल्या सामानात टाकलं तर गोठायची भीती आणि बॅग हरवायची वेगळी. डॉक्टरांचं पत्र: नाव, आजार, औषध, सुया आणि पंप यांचा उल्लेख. पाच आठवड्यांचे १५ ग्रॅम, एक आठवडा वरचा, म्हणजे १८ ग्रॅम, ९० मिली. सुया आणि नळ्या मात्र दोन जास्त घ्या, एखादी हातातून पडतेच. स्प्रिंगचा पंप असल्यामुळे प्लग, बॅटरी, व्होल्टेज यांची चिंता नाही.

बर्फाच्या पिशवीला बाटल्या थेट टेकू देऊ नका, मध्ये टॉवेल.

टेम्सकाठ
+१. आणि तिकडे गेल्यावर एखाद्या आठवड्याचा ठरलेला दिवस चुकला तर घाबरून दुसऱ्या कंपनीचं औषध शिरेतून लावून घेऊ नका. अर्धायुष्य तीन आठवड्यांचं आहे, दोनतीन दिवस पुढेमागे झाल्याने पातळी कोसळत नाही. नवीन उत्पादन पहिल्यांदा घेताना प्रतिक्रियेची शक्यता जास्त असते, ती सुट्टीत कशाला.

पारिजातक
नागपूरचा विषय निघालाच आहे तर सगळ्यात महत्त्वाचं लिहिते. पल्स पोलिओच्या मोहिमेत दारात स्वयंसेविका येते, आणि बाळ दिसलं की प्रेमाने दोन थेंब. एक्सएलएच्या मुलाला तोंडावाटे पोलिओ डोस कधीही द्यायचा नाही. त्यात जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो. प्रतिपिंडं नसलेल्या मुलाच्या आतड्यात तो महिनोनमहिने वाढत राहतो, आणि बदलून लकवा करू शकतो.

मोहीम पाच वर्षांखालच्यांसाठी, तुमचा भाचा सहाचा, त्यामुळे निदान त्याच्या बाबतीत ओळखीची मंडळी आग्रह करणार नाहीत. पण घरात पाचाच्या आतला भाऊ, बहीण, मामेभाऊ असेल आणि एकाच घरात, एकाच संडासात पाच आठवडे, तर त्यांनाही थेंब नको, इंजेक्शनची लस द्यायची. विषाणू विष्ठेतून पसरतो. जाण्याआधी नागपूरच्या नातेवाइकांना फोन करून हे कारणासकट सांगा. नुसतं 'देऊ नका' म्हटलं तर गैरसमज होतो.

रानजाई
हे कुणीच सांगितलं नव्हतं. धाकटी तीन वर्षांची आहे आणि मामाकडे दोन वर्षांचा मुलगा. आजच फोन करते.

टेम्सकाठ
पारिजातक, उत्तम. त्याला जोडून: तिकडे ताप आला आणि कुणी रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी सांगितली तर थांबवा. त्याच्या रक्तातलं आयजीजी दात्यांचं आहे. गोवर, हिपॅटायटिस बी, सीएमव्ही (सायटोमेगॅलो विषाणू) यांची प्रतिपिंडं, सगळं 'पॉझिटिव्ह' येईल आणि त्याचा अर्थ काहीच नाही. त्याला संसर्ग झाला तरी त्याचं स्वतःचं आयजीएम (नव्या संसर्गात सगळ्यात आधी बनणारं प्रतिपिंड) तयार होत नाही, म्हणून ती चाचणीही 'निगेटिव्ह' येऊन फसवते. जंतू थेट शोधणाऱ्या चाचण्याच कामाच्या: पीसीआर, कल्चर, अँटिजेन. हे एका कागदावर लिहून पासपोर्टला जोडा.

परळ_नाका
भारतातच राहून उपचार घेणारेही हा धागा वाचत असतील, त्यांच्यासाठी. इथे अजून बहुतेकांना औषध शिरेतूनच मिळतं. निदानासाठी मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था, म्हणजे एनआयआयएच आहे. बी पेशींची मोजणी, जनुक तपासणी तिथे होते. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ च्या दुसऱ्या गटात एक्सएलएसारख्या आजारांसाठी इम्युनोग्लोब्युलिन, शिरेतलं आणि त्वचेखालचं, दोन्हींचा उल्लेख आहे. २०२२ पासून मदतीची मर्यादा रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत केली, ती ठरावीक उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते. मुंबईत केईएम हे असं केंद्र आहे. अर्ज करताना निदानाचा पक्का कागद सोबत हवा. 'वारंवार न्यूमोनिया' एवढ्यावर होत नाही.

उत्तररात्र
वर्षाला ५२ सुया टोचण्यापेक्षा ते हायलुरोनिडेजवालं का नाही? महिन्यातून एकदाच.

औषधांची_वही
हायक्युव्हिया. चांगला पर्याय आहे, अमेरिकेत २०२३ पासून दोन वर्षांवरच्या मुलांनाही मंजूर आहे. आधी हायलुरोनिडेज हे विकर द्यायचं, ते त्वचेखालच्या जेलीसारख्या पदार्थाला तात्पुरतं सैल करतं, मग त्याच सुईतून दहा मिनिटांच्या आत १० टक्क्यांचं इम्युनोग्लोब्युलिन. दोन्ही एकत्र मिसळायचं नाही, क्रमही उलटायचा नाही. ८ ग्रॅम म्हणजे ८० मिली एका जागी; ४० किलोखालच्यांना एका जागी ३०० मिलीपर्यंत परवानगी आहे, म्हणजे बसतं.

पण सुरुवातीला डोस टप्प्याटप्प्याने चढवावा लागतो, काही आठवडे जातात. पोटावर उशी बांधल्यासारखा फुगवटा येतो आणि तो खाली ओघळतो. मुलग्यांत कधी जननेंद्रियाच्या भागापर्यंत सूज उतरते, घाबरण्यासारखं नसतं पण आधी माहीत असावं. आणि ते फ्रिजमध्ये ठेवायचं औषध आहे, बाहेर जास्तीत जास्त तीन महिने, तेही २५ अंशांखाली. नागपूरच्या आधी हा बदल करू नये असं मला वाटतं.

रानजाई
सगळ्यांचे आभार. नळी तपासली: स्प्रिंगवाल्यांचा अंदाज बरोबर, दोन सुयांसाठीची निघाली. फार्मसी एका सुईची पाठवतेय. नळी कोरडी ठेवायची, स्पिरिट वाळू द्यायचं, १५ मिलीला तास लावायचा, असं ठरलंय. डोस ३ च राहील असं डॉक्टर म्हणाले.

मूळ प्रश्नातलं एक उरलं. मांडी अगदी बारीक आहे. ६ मिमी बरोबर की ९ घ्यावी? आणि बधिर करायचं मलम लावतो, त्याने लाली वाढते का?

सुईदोरा
कातडी चिमटीत उचला, अंगठा आणि तर्जनीमधली जाडी मोजा आणि निम्मी करा. निम्मी १० मिमीच्या आत आली तर ६ योग्य. बारीक मुलाला ९ घेतली तर स्नायू लागायची भीती. आणि ६ नेही सुईच्या कडेने ओलं व्हायला लागलं, पट्टीखाली पाणी दिसलं, तर पहिल्यांदा पट्टी सैल होती का ते बघा. सुई पूर्ण टेकलेली नसते, मूल पळतं, दोन मिमी वर येते, आणि औषध त्वचेत सांडतं. पट्टी पंखांवरून आडवी लावा आणि नळीचा एक वळसा मांडीवर वेगळ्या पट्टीने चिकटवा, म्हणजे ओढ सुईवर न येता वळशावर येते.

मलमाचं म्हणाल तर लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम तासभर आधी, वरून प्लास्टिकची पट्टी. काहींची त्वचा त्यानेच पांढरी पडते, मग लाल होते. एका आठवड्याला मलम लावलेल्या जागेच्या शेजारी, मलमाशिवायच्या जागी फक्त पट्टी चिकटवून बघा, फरक कळेल. लावलंत तर टोचण्याआधी पूर्ण पुसा, मग स्पिरिट, मग अर्धा मिनिट. मलमाचा ओशटपणा राहिला तर पट्टी धरत नाही.

आणि जागा बदलायच्या त्या किमान ५ सेमी अंतराने. पोटावर घेतलं तर बेंबीपासूनही तेवढंच लांब.

ताकभात
आजीसाठी याची प्रत काढली. 'थेंब दिसू द्यायचा नाही' हे मोठ्या अक्षरात वर लिहिलंय.